न्यूट्रॉनचा साक्षीदार

दहावीच्या वर्गात अणुकेंद्रक शिकवत होतो. एका मुलीने विचारले, "सर, न्यूट्रॉनवर प्रभारच नाही, मग तो यंत्राला कळतो कसा?" पुस्तकात याचे उत्तर नव्हते.

तो थेट कळत नाहीच. 1932 साली जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन ओळखला तो त्याने मेणातून उडवलेल्या प्रोटॉनवरून. आजही तीच युक्ती आहे. नळीतल्या हेलियम-3 वायूत न्यूट्रॉन अडकला की प्रभारित कण सुटतात आणि तारेवर विजेचा एक ठोका उमटतो. ते ठोके मोजायचे.

संलयनाच्या संशोधनात ही मोजणी म्हणजे सारे काही. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम जुळले की हेलियम बनतो आणि एक न्यूट्रॉन सुटतो. त्यातली 17.6 एमईव्हीपैकी 14.1 एमईव्ही ऊर्जा तोच घेऊन जातो. जितके न्यूट्रॉन, तितकी संलयने.

मोजणी चुकली तर काय होते, ते 1989 ने दाखवले. मार्चमध्ये अमेरिकेत फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी काचेच्या भांड्यात, साध्या तापमानाला संलयन घडल्याचे जाहीर केले. कर्जतहून लोकलने कुर्ला, तिथून मानखुर्द; त्याच्या जवळच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही प्रयोग झाले आणि न्यूट्रॉन मिळाल्याचा अहवाल निघाला. जगाने तो दावा स्वीकारला नाही. जॉर्जिया टेकच्या शास्त्रज्ञांनी तर एप्रिलमध्ये केलेला दावा काही दिवसांतच मागे घेतला. त्यांचा मापक नुसत्या उष्णतेने आकडे वाढवत होता! मला ही माणसे आवडतात. चूक दिसली, लगेच सांगितली.

आता फ्रान्समध्ये ईटर ही प्रचंड भट्टी उभी राहत आहे, भारत तिचा भागीदार आहे. भट्टीभोवती चुंबक, नळ, तारांची दाटी. हेलियमच्या नळीला वेगवान न्यूट्रॉन मंद करायला पॉलिथीनचे जाड आवरण लागते. जागा जाते आणि न्यूट्रॉनची मूळ ऊर्जाही कळत नाही. म्हणून छोटे मापक हवेत. त्यात कृत्रिम हिरा पुढे आहे, नखापेक्षाही लहान. न्यूट्रॉन थेट त्यातल्या कार्बनवर आदळतो आणि ठोक्याच्या मापावरून ऊर्जाही समजते. मात्र लहान मापकात ठोके कमी पडतात, आणि सततच्या माऱ्याने हिराही खराब होतो.

"मग हिराच चुकला तर?" तीच मुलगी.

आधी ज्ञात स्रोतासमोर ठेवून तपासतात, मी म्हणालो, आणि वेगळ्या जातीचा दुसरा मापकही ठेवतात. दोघांचे जुळले तरच आकडा खरा.

"म्हणजे निकाहसारखं, सर. दोन गवाह."