थेंबभर रक्तातला इशारा

‘रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर ओळखणारा सेन्सर’ ही बातमी अधूनमधून येतच असते. यंदा ती वाचून एका वाचकांनी विचारलंय, ही तपासणी आपल्या गावातल्या लॅबमध्ये कधी होणार?

सेन्सरची करामत खरोखर थक्क करणारी आहे. २००५ साली हार्वर्डमध्ये चार्ल्स लीबर यांच्या गटाने सिलिकॉनच्या नॅनोतारांवर अँटिबॉडी बसवल्या. प्रोस्टेटमधलं पीएसए हे प्रथिन त्यांना येऊन चिकटलं, की त्याच्या विद्युतभारामुळे तारेतला प्रवाह किंचित बदलायचा. मिलिलिटरमागे एक पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग, इतकं कमी पीएसएसुद्धा पकडता आलं. पण त्यासाठी सीरममधले क्षार आधी काढावे लागले होते. क्षारांचे आयन प्रथिनाभोवती गोळा होऊन त्याचा भार झाकून टाकतात; वारीच्या गर्दीत मारलेली हाक चार पावलांवर विरून जावी, तसं. रक्तात या भाराचा पल्ला एक नॅनोमीटरही नसतो आणि अँटिबॉडीचीच उंची दहाच्या आसपास. मिठाची ही अडचण बातमीत यायलाच हवी.

रक्तातली अशी अतिसूक्ष्म मात्रा मोजायला जगाला शिकवलं ते न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या सरकारी रुग्णालयातल्या दोघांनी. सॉलोमन बर्सन डॉक्टर, रोझलिन यॅलो भौतिकशास्त्रज्ञ. टोचलेल्या इन्शुलिनविरुद्ध शरीर अँटिबॉडी तयार करतं, हे त्यांनी १९५५ मध्ये लिहून पाठवलं, तर संपादकांनी लेख परत केला. शीर्षकातला ‘अँटिबॉडी’ हा शब्द काढल्यावरच तो छापून आला. त्याच अँटिबॉडींच्या जोरावर त्यांनी रेडिओइम्युनोअॅसे ही मोजण्याची पद्धत उभी केली आणि तिचं पेटंटही घेतलं नाही. नोबेल आलं १९७७ मध्ये, पण बर्सन १९७२ मध्येच गेले होते. यॅलोंनी नोबेल व्याख्यानात ते नकाराचं पत्र जगाला दाखवलं. बर्सन यांचं नाव आज पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असतं, याची मला मनापासून खंत वाटते.

तेव्हा मोजण्याची विद्या जुनी आहे. अडतं ते आकड्याच्या अर्थापाशी. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी बघतात ते सीए-१२५ मासिक पाळीत वाढतं, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतं आणि आपल्याकडे आढळणाऱ्या पोटाच्या टीबीतही वाढतं. समजा, दहा हजार निरोगी दिसणाऱ्या बायकांपैकी चौघींना हा आजार आहे आणि तपासणी निरोगी बायकांच्या बाबतीत शंभरात एकदाच चुकते. तरी शंभरेक जणींना विनाकारण धास्ती, सोनोग्राफी, कदाचित ऑपरेशनही. सेन्सर हजारपट संवेदनशील केला, तरी यातली एकही सुटत नाही.

ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर याची मोठी चाचणी झाली. उषा मेनन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये निष्कर्ष मांडला: सीए-१२५ वर वर्षानुवर्षं नजर ठेवल्याने काही कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले, पण मृत्यू कमी झाले नाहीत.

म्हणून सरसकट तपासणीचा आग्रह मला धोक्याचा वाटतो. ज्यांचं निदान आधीच झालंय, त्यांची गोष्ट वेगळी. केमो लागू पडतेय का, हे बघताना बाईचा आजचा आकडा तिच्याच मागच्या आकड्याशी ताडतात. दर खेपेला रक्त द्यायला शहर गाठणाऱ्या पेशंटला तालुक्याच्या दवाखान्यात असा सेन्सर मिळाला, तर तिचा एसटीचा प्रवास आणि बुडणारा रोज वाचेल. त्यासाठी पिकोग्रॅमचीही गरज नाही. खारट रक्तात रोज तोच भरवशाचा आकडा देणारं स्वस्त यंत्र हवं.