परक्या आकाशातील चार भारतीय

मुलगा शिक्षणासाठी विलायतेस गेला म्हणजे घरातील वडील माणसे ज्या काळज्या वाहतात, त्यांत थंडी, खाणेपिणे, परीक्षा आणि परदेशची संगत ह्यांची गणना प्रथम होते. सन १९१४ मध्ये युरोपात महायुद्ध पेटले आणि ह्या काळज्यांत आणखी एकीची भर पडली. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील इंग्रज विद्यार्थी पुस्तके मिटून एकामागून एक रणांगणावर निघून गेले. मागे राहिलेल्या हिंदी तरुणांस आपल्या रिकाम्या वर्गात स्वस्थ बसवेना. त्यांतील काहींनी विमानदलाचा मार्ग धरला. हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, श्रीकृष्ण वेलिंगकर आणि एरॉल सेन ह्या चौघांची हकीकत आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत. केवळ शौर्यकथा सांगावी एवढाच आमचा हेतू नाही. हिंदी माणसाच्या हाती विमान विश्वासाने सोपविणे ही गोष्ट त्या काळच्या राज्यकर्त्यांस किती जड गेली, आणि तो विश्वास कोणत्या मोलाने मिळवावा लागला, हे त्यांच्या चरित्रांवरून स्पष्ट होते.

त्या युद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी लोक समुद्रापार गेले. तथापि लढाऊ पलटणींत हिंदी माणसाची मजल सुभेदार-जमादारांच्या पदापर्यंतच. ज्या सनदेच्या बळावर गोऱ्या शिपायासही हुकूम देता येतो, ती राजाची सनद त्यास बंद होती. विमानात तर प्रत्येक वैमानिक बहुधा अधिकारीच असे. तेव्हा विमान मागणे म्हणजे सनद मागणे, आणि सनद मागणे म्हणजे बरोबरीचा हक्क मागणे, असाच त्याचा अर्थ होई.

ते विमान तरी कसे होते? लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसविलेले व रोगण दिलेले कापड, आणि सगळे जखडून धरणाऱ्या तारा. बसण्याची जागा उघडी. वर गेल्यावर हाडे गोठविणारा वारा थेट अंगावर. ‘सॉपविथ कॅमल’ नावाच्या प्रसिद्ध विमानात पुढील पंख्याबरोबर सगळे एंजिनच गरगर फिरे. त्या फिरण्याच्या ओढीमुळे विमान उजवीकडे झटकन वळे. परंतु नवशिक्याचा हात जरा चुकला की भोवंडून खाली येई. शत्रूशी गाठ पडण्यापूर्वीच कित्येक तरुण अशा रीतीने शिकतानाच दगावले. ह्या एंजिनास वंगण लागे ते आपल्या परिचयाच्या एरंडेलाचे! त्याच्या वाफा व तुषार वैमानिकाच्या तोंडावर सारखे येत आणि पोटात जात. दोरीने बांधलेल्या फुग्यांतून टेहळणी करणाऱ्यांस उडी टाकण्यासाठी हवाई छत्री मिळे. ब्रिटिश विमानांतील वैमानिकांस मात्र ती त्या युद्धात अखेरपर्यंत मिळाली नाही. विमानाने पेट घेतला तर पुढे काय, हे सांगणे नलगे.

हरदितसिंग मलिक ह्यांचा जन्म १८९४ साली रावळपिंडीचा. चौदाव्या वर्षी ते इंग्लंडात गेले, ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात शिकले आणि ससेक्स परगण्याकडून क्रिकेटही खेळले. खेळाच्या मैदानावर ज्यास सर्वांनी आपला मानले, त्यास सैन्यात मात्र वाव मिळेना. शेवटी १९१६ साली ते फ्रेंच रेडक्रॉसमध्ये जखमी शिपायांची मोटार चालवू लागले. फ्रेंच विमानदल त्यांना घेण्यास तयार आहे असे दिसताच, त्यांचे ऑक्सफर्डचे गुरू अर्कहार्ट ह्यांनी विमानखात्यातील वरिष्ठ अधिकारी जनरल हेंडरसन ह्यांस पत्र लिहिले. ब्रिटिश प्रजाजनास फ्रेंचांकडे जाऊन लढावे लागणे लाजिरवाणे आहे, असा त्या पत्राचा आशय होता. पत्राचा उपयोग झाला, आणि ५ एप्रिल १९१७ रोजी मलिक ‘रॉयल फ्लाइंग कोअर’मध्ये अधिकारी झाले. गुरूने शिष्यासाठी उचललेली लेखणी पुष्कळ वेळा तलवारीहून मोठे काम करते, ते असे.

मलिकांनी पगडी उतरविण्याचे साफ नाकारले. वैमानिकाचे चामडी शिरस्त्राण पगडीवर बसेल एवढे मोठे खास बनवून घ्यावे लागले. ते त्यांनी घेतले आणि त्यावरून झालेली थट्टाही हसतमुखाने सोसली. २६ ऑक्टोबर १९१७ रोजी बेल्जममधील रूलर्स गावाच्या बाजूस, वाईट हवेत, ते आपले नायक कॅप्टन बार्कर ह्यांच्याबरोबर गेले असता जर्मन विमानांनी त्यांस गाठले. उजव्या पायात गोळ्या लागल्या. तशाच स्थितीत, जमिनीलगत उडत, पाठलाग चुकवीत ते आपल्या बाजूच्या प्रदेशात येऊन कोसळले. मागाहून मोजणी झाली तेव्हा त्यांच्या विमानास गोळ्यांची चारशेंहून अधिक छिद्रे आढळली. पायातील शिशाने त्यांची सोबत जन्मभर सोडली नाही. पुढे एरंडेलाच्या वाफा त्यांच्या प्रकृतीस मानवेनात, म्हणून ते दुसऱ्या जातीच्या विमानांवर गेले. पण उडणे त्यांनी सोडले नाही.

इंद्रलाल रॉय ह्यांची कथा अधिक हृदयद्रावक आहे. जन्म कलकत्त्याचा, २ डिसेंबर १८९८ चा. शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत. वडील बॅरिस्टर. आई ललिता रॉय १९११ साली लंडनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मोठ्या मिरवणुकीत इतर हिंदी स्त्रियांसह चाललेल्या. हक्क मागितल्यावाचून मिळत नाही, हा धडा ह्या मुलास घरातच मिळाला असला पाहिजे. जुलै १९१७ मध्ये, वयास एकोणीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, तो अधिकारी झाला. ६ डिसेंबर रोजी त्याचे विमान कोसळले. त्यास मृत समजून प्रेतांच्या खोलीत ठेवले होते आणि शुद्धीवर येऊन त्याने आतून दार ठोठावले, असे सांगतात. त्यानंतर तो उड्डाणास अयोग्य ठरला. इस्पितळात पडल्या पडल्या त्याने विमानांची पुष्कळ चित्रे काढली. ती आजही पाहावयास मिळतात. अधिकाऱ्यांच्या पाठीस लागून जून १९१८ मध्ये तो पुन्हा फ्रान्सला गेला, आणि ६ जुलै ते १९ जुलै ह्या चौदा दिवसांत त्याच्या नावावर दहा शत्रुविमाने लागली. २२ जुलै रोजी कार्व्हाँ गावावर जर्मन विमानांशी झुंजताना तो पडला. वय अवघे एकोणीस. त्या सप्टेंबरात त्यास ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे पदक मरणोत्तर जाहीर झाले. ते मिळविणारा तो पहिला भारतीय. फ्रान्समधील एस्तव्हेल गावी त्याची समाधी आहे, आणि तिच्यावरील लेख फ्रेंचबरोबर बंगालीतही कोरलेला आहे.

एरॉल सेन ह्यांची झुंज लवकर संपली. १४ सप्टेंबर १९१७ रोजी मेनँ गावाजवळ ते शत्रूच्या हाती सापडले, आणि होल्ट्समिंडेन येथील कैद्यांच्या छावणीत युद्धसमाप्तीची वाट पाहत राहिले.

श्रीकृष्ण वेलिंगकर हे तर आपल्या मुंबईचे. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकून ते विमानदलात गेले. त्यांना मिळालेल्या ‘डॉल्फिन’ जातीच्या विमानात वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर निघे; दृष्टी चहूकडे पोचे खरी, परंतु उतरताना विमान उलटले तर प्रथम आघात डोक्यावर. २७ जून १९१८ रोजी गस्तीवर असताना त्यांचे विमान पडले. जखमी स्थितीत ते जर्मनांच्या हाती लागले आणि ३० जून रोजी निवर्तले. त्यांची समाधी फ्रान्समधील हांगार येथे आहे. विमान परत आले नाही म्हणजे घरी प्रथम ‘बेपत्ता’ एवढाच शब्द येई. ह्या एका शब्दाचे दुःख किती मोठे, हे आपल्या घरांतील स्त्रियांस समजावून सांगण्याची गरज नाही. सुतक धरता येत नाही आणि आशाही सोडवत नाही.

ह्यावर कोणी विचारील की, हे युद्ध आपले होते काय? प्रश्न रास्त आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबले, आणि पुरते सहा महिने लोटण्यापूर्वी, १३ एप्रिल १९१९ रोजी, अमृतसरच्या जालियनवाला बागेत सरकारच्याच सैन्याने नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. ज्या पंजाबाने पुत्र दिले, त्या पंजाबास हे फळ मिळाले. साम्राज्याच्या कृतज्ञतेवर ज्यांनी भिस्त ठेवली त्यांची निराशाच झाली. परंतु ह्या चौघांच्या करणीचे मोल त्या कृतज्ञतेवर अवलंबून नव्हते, असे आम्हांस वाटते. यंत्रविद्या व नेतृत्व हिंदी माणसाच्या रक्तात नाही, असे जे बोलले जाई, त्यास त्यांनी दिलेले उत्तर कोणासही पुसता येण्यासारखे नव्हते.

तरीही दार उघडण्यास वेळ लागलाच. जनरल स्कीन ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, जीत पंडित मोतीलाल नेहरू व बॅरिस्टर जीना हेही होते, हिंदी तरुणांस क्रॅनवेलच्या विमानविद्यालयात घ्यावे अशी शिफारस केली. १९३० साली पहिले विद्यार्थी तेथे गेले. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय विमानदल कायद्याने अस्तित्वात आले. आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीस चार ‘वापिटी’ विमानांनिशी त्याची पहिली तुकडी उभी राहिली. तीत एक तरुण होता सुब्रतो मुखर्जी, इंद्रलाल रॉयचा नात्याने भाचा. १ एप्रिल १९५४ रोजी तोच स्वतंत्र भारताच्या विमानदलाचा पहिला भारतीय प्रमुख झाला. मलिकांनी ते पाहिले. स्वातंत्र्यानंतर ते कॅनडात व फ्रान्समध्ये भारताचे प्रतिनिधी होते, आणि १९८५ साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी वारले.

घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी आज विमानदलात जाण्याचा हट्ट धरते, तेव्हा आईबापांच्या पोटात गोळा उठतो. तसा उठणे स्वाभाविकही आहे. मात्र त्या वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आज जी वाट आपल्या मुलांस अर्ज करून मिळते, ती त्या चौघांस प्रथम मागून घ्यावी लागली. आणि त्यांतील दोघे त्या वाटेने घरी परतलेच नाहीत.