घरच्या टेलिफोनचे काय करावे?

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीला आलेल्या महापुराने बडोदे शहराची जी दैना केली, तिच्या बातम्या आपल्या किनारपट्टीवरील कित्येक घरांत निव्वळ परगावची बातमी म्हणून वाचल्या गेल्या नाहीत. सरकारदरबारी १९७४ पासून हे शहर वडोदरा म्हणून ओळखले जात असले, तरी मराठी माणसाच्या जिभेवर ते अजून बडोदेच आहे. गायकवाडी अमदानीत शाळा, कचेऱ्या, ग्रंथालये यांच्या निमित्ताने कोकण आणि गोमंतकातून तेथे गेलेली, दांडिया बाजार आणि रावपुऱ्याच्या परिसरात रुजलेली आणि पुढे नव्या वसाहतींत पांगलेली कुटुंबे गावाकडच्या गणपतीशी, देवस्थानांशी आणि भाऊबंदांशी आजही नाते राखून आहेत. साहजिकच नदीने ३५ फुटांची पातळी ओलांडल्याचे कळताच इकडून तिकडे चौकशी सुरू झाली. पुढचा अनुभव अनेकांना आला. वेढलेल्या वस्त्यांत सुरक्षिततेसाठी वीज बंद करावी लागली, काही ठिकाणी ती दोन-दोन दिवस आली नाही. हातातील भ्रमणध्वनी एकामागून एक निपचित पडले. आणि घरात एकटे असलेले वडीलधारे सुखरूप आहेत की नाहीत, हे कळायला मार्ग उरला नाही. तेव्हा, "पूर्वीचा घरचा फोन असता तर!" असा उद्गार पुष्कळांच्या तोंडून निघाला असेल, तर त्यात नवल नाही.

हा उद्गार केवळ गतकाळाविषयीच्या हळवेपणातून निघालेला आहे, की त्यात काही तथ्य आहे, याचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे. कारण घरातील तारेचा टेलिफोन ठेवावा की काढून टाकावा, हा प्रश्न आज ज्या घरांत अद्याप तो आहे त्या प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा निघतो. आणि बहुधा महिन्याचे बिल हातात आल्यावर, घाईघाईने, निकालात काढला जातो.

टेलिफोनची आपल्या देशातील कथा मोठी आहे. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या शहरांत १८८२ मध्ये पहिली केंद्रे सुरू झाली. देश स्वतंत्र झाला तेव्हा या खंडप्राय देशात मिळून सुमारे ८० हजार टेलिफोन होते. पुढची कित्येक दशके टेलिफोन हे प्रतिष्ठेचे लक्षण राहिले. अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मुलीच्या लग्नाआधी अर्ज केलेल्या गृहस्थाच्या घरी नातवंडे खेळू लागल्यावर टेलिफोन आला, असे विनोदाने सांगितले जाई. पण त्या विनोदात अतिशयोक्ती फारशी नव्हती. ज्यांच्याकडे नव्हता ते शेजाऱ्याचा क्रमांक पुढे 'पी. पी.' अशी अक्षरे लिहून आपल्या कार्डावर छापून घेत. मुंबईहून ट्रंक कॉल यायचा म्हणून पोस्टात ताटकळत बसलेली माणसे आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिलेली आहेत, किंबहुना त्यांपैकी काही जण स्वतःच तेथे बसलेले असतील.

ही टंचाई हटविण्याच्या प्रयत्नात बडोद्याचाही एक धागा आहे. सॅम पित्रोदा यांनी पदार्थविज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेतली ती बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून. १९६४ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि पुढे त्यांच्याच पुढाकाराने १९८४ मध्ये 'सी-डॉट' ही संस्था उभी राहिली. आपल्या धुळीला, उकाड्याला आणि वातानुकूलनाच्या अभावाला तोंड देऊ शकतील अशी लहान स्वयंचलित टेलिफोन केंद्रे या संस्थेने बनविली. त्या काळात नाक्यानाक्यावर एस. टी. डी.च्या पिवळ्या पाट्या लागल्या. टेलिफोन श्रीमंताच्या दिवाणखान्यातून रस्त्यावर आला आणि रस्त्यावरून सामान्य माणसाच्या घरात शिरला.

तो घरात स्थिरावतो न स्थिरावतो तोच भ्रमणध्वनीने त्याला गाठले. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्या दरम्यान देशातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण झाले. मे २००३ पासून येणाऱ्या कॉलचे पैसे भरण्यातून ग्राहकाची सुटका झाली आणि चित्र पालटले. तारेच्या टेलिफोनांची देशातील संख्या २००५-०६ च्या सुमारास ५ कोटींच्या घरात गेली होती. २०२० च्या अखेरीस ती सुमारे २ कोटींवर उतरली. पंधरा वर्षांत पाचांपैकी तीन टेलिफोन लोकांनी आपण होऊन परत केले. ज्या वस्तूसाठी एकेकाळी खासदारांची शिफारसपत्रे लागत, तिची ही गत व्हावी, हा काळाचा महिमा म्हटला पाहिजे.

परत करणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. बोलण्यापुरते पाहिले तर तारेच्या टेलिफोनची गरज बहुसंख्य घरांना उरलेली नाही, हे स्पष्टपणे कबूल केले पाहिजे. भ्रमणध्वनी स्वस्त आहे, खिशात राहतो, पलीकडच्या माणसाचा चेहरा दाखवितो. बँका, सरकारी योजना, गॅसची नोंदणी, साऱ्यांना आता भ्रमणध्वनीचाच क्रमांक हवा असतो. कारण पडताळणीचा संदेश तेथेच येतो. उलट तारेचा टेलिफोन पहिल्या पावसात मुका होई, लाइनमनची विनवणी करावी लागे आणि बिल मात्र न चुकता येई, ही तक्रारही सार्वत्रिक होती. अशा स्थितीत संसाराचा हिशेब करणाऱ्या गृहिणीने या खर्चावर काट मारली, तर ते शहाणपणाचेच ठरते.

मग शिल्लक काय राहते? आमच्या मते दोन गोष्टी राहतात. पहिली ही की, भ्रमणध्वनी माणसाचा असतो, टेलिफोन घराचा असे. घरी फोन केला की जो कोणी घरात असेल तो उचली. आजोबांना ऐकू येत नसेल तर आजी उचली. दोघेही देवळात गेली असतील तर कामाला आलेली बाई निरोप घेई. घराची खुशाली विचारायची तर घरालाच विचारता येत असे. आज चार माणसांच्या घरात चार यंत्रे असतात. पण ज्याची खुशाली हवी त्याचेच यंत्र नेमके बंद किंवा दुसऱ्या खोलीत असते. तरुणांच्या दृष्टीने हा तोटा किरकोळ आहे. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना काचेवरील चित्रे दाबणे जमत नाही आणि ज्यांना अंधारातही भिंतीजवळचे यंत्र सापडते, त्यांच्या दृष्टीने तो किरकोळ नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. तांब्याच्या तारेवरील जुना टेलिफोन घरातील विजेवर चालत नसे. त्याला लागणारा सुमारे ४८ व्होल्टचा प्रवाह टेलिफोन केंद्रातील बॅटऱ्यांमधून त्याच तारेने येई. केंद्राचा वीजपुरवठा तुटला तर तेथील जनित्र त्या बॅटऱ्या भरीत असे. म्हणूनच गावभर अंधार असतानाही रिसीव्हर उचलताच तो ओळखीचा सूर ऐकू येई. भ्रमणध्वनीला मात्र दोन ठिकाणी वीज लागते: एक आपल्या हातात, दुसरी मनोऱ्यावर. मनोऱ्याच्या बॅटऱ्या काही तासांच्या, आणि रस्ते पाण्याखाली गेले की जनित्राला डिझेल पोहोचत नाही. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा आणि त्यानंतर २०२४ च्या पुरात बडोदेकरांनी विजेविना राहण्याचा अनुभव घेतला. तो आपल्यालाही नवा नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील गावे कित्येक दिवस अंधारात होती. टाळेबंदीमुळे मुंबईकर चाकरमान्यांना गावाकडे येता येईना आणि आईवडिलांचा आवाजही ऐकता येईना. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळाने गोवा आणि सिंधुदुर्गाला झोडपून थेट गुजरातचा किनारा गाठला. एकाच वादळाने आपल्याला आणि त्यांना एकाच धड्याची उजळणी करायला लावली.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. अलीकडे तारेच्या टेलिफोनांची संख्या पुन्हा वाढू लागली आहे, ही बातमी खरी आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये तर एका खासगी कंपनीने या क्षेत्रात सरकारी भारत संचार निगमलाही मागे टाकले. परंतु ही वाढ तांब्याची नसून काचतंतूंची, म्हणजे फायबरची आहे. इंटरनेटच्या जोडणीबरोबर टेलिफोन क्रमांक देण्यात येतो, यंत्रही दिसायला जुन्यासारखेच असते. पण काचतंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. घरातील मोडेमचा दिवा विझला की हा टेलिफोनही विझतो. 'आमच्याकडे लँडलाइन आहे' या समाधानात राहिलेल्या वृद्ध दांपत्याला ही गोष्ट ऐन वादळी रात्री कळावी, हे योग्य नाही. जोडणी देताना ती स्पष्ट शब्दांत सांगणे हे देणाऱ्याचे काम आहे.

तांब्याची तार म्हणजे रामबाण उपाय होता, असेही आम्ही म्हणत नाही. जमिनीखालच्या केबलच्या सांध्यात पाणी शिरले की वस्तीच्या वस्ती मुकी होई. झाड पडले की तार तुटे. पूर आल्यावर टेलिफोन केंद्रच पाण्यात गेले तर बॅटऱ्यांचा उपयोग शून्य. पण एक मार्ग बंद झाला तरी दुसरा चालू राहण्याचा संभव असतो, आणि संकटकाळी तो संभवच मोलाचा असतो. कोकणातील शहाणा माणूस घराशेजारी नळ आला म्हणून विहीर बुजवीत नाही.

इतर देशांनी या प्रश्नाकडे कसे पाहिले, हे समजून घेण्यासारखे आहे. ब्रिटनमध्ये तांब्याचे जाळे बंद करण्याची मुदत २०२५ ची अखेर अशी ठरली होती. तेथे सुमारे १८ लाख लोक, बहुतेक वृद्ध आणि आजारी, गळ्यातील कळ दाबून मदत मागविण्याच्या सोयीवर विसंबून आहेत आणि ही सोय टेलिफोनच्या तारेवर चालते. नव्या जोडणीवर ती बंद पडल्याचे गंभीर प्रकार घडल्यावर मुदत जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलावी लागली. शिवाय जे ग्राहक केवळ घरच्या टेलिफोनवर अवलंबून आहेत, त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन कॉल करता येईल अशी व्यवस्था कंपनीने पुरविलीच पाहिजे, असा दंडक तेथील नियामकाने घालून दिला. पूर आणि वादळे ज्यांच्या पाचवीला पुजलेली आहेत अशा आपल्या किनाऱ्यासाठी एक तासाची नव्हे, निदान एका रात्रीची तरतूद मागणे गैरवाजवी होणार नाही.

तात्पर्य, 'टेलिफोन हवा की नको' याचे एकच उत्तर सर्व घरांना लागू पडणार नाही. ज्या घरात धडधाकट माणसे आहेत आणि तीन-चार भ्रमणध्वनी आहेत, त्या घराने तारेचा टेलिफोन खुशाल परत करावा. मात्र ज्या घरात वृद्ध एकटे राहतात, जे घर नदीकाठी किंवा खाडीकाठी आहे, जेथे भ्रमणध्वनीची लहर खिडकीशी उभे राहिल्यावरच मिळते, त्या घराने निर्णयापूर्वी थांबावे. आपली जोडणी तांब्याची आहे की फायबरची, हे विचारावे. एके दिवशी मेन स्विच बंद करून रिसीव्हर उचलून पाहावा. सूर आला नाही तर मोडेमसाठी वेगळी बॅटरी घ्यावी. बिनतारी रिसीव्हरचे यंत्र वीज जाताच निकामी होते, म्हणून तारेचे एक साधे यंत्र बाजूला ठेवावे. आणि मुलाबाळांचे, शेजाऱ्यांचे, डॉक्टरांचे क्रमांक ठळक अक्षरांत कागदावर लिहून यंत्राजवळ भिंतीला लावावेत. कारण ते आता कोणाच्याच पाठ नसतात. १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या टेलिफोनवरून भ्रमणध्वनीला फोन लावताना आधी शून्य फिरवावे लागू लागले. अशी साधी गोष्टही त्याच कागदावर लिहिलेली असावी.

उरलेले काम सरकारचे आणि कंपन्यांचे आहे. सयाजीराव महाराजांनी आजव्याचा तलाव बांधून बडोद्याच्या घरोघरी नळाने पाणी पोहोचविले, तेव्हा किती घरांकडून किती पैसे सुटतील एवढाच हिशेब त्यांनी केला नव्हता. संकटात मदतीची हाक ऐकू जाणे ही पाण्याइतकीच प्राथमिक गरज आहे. तांब्याच्या तारा एक दिवस जमिनीतून निघतील. त्यांच्यासाठी अश्रू ढाळण्याचे प्रयोजन नाही. पण त्या तारेबरोबर अंधारातही चालू राहणारी जी खात्री घरात आली होती, ती नव्या व्यवस्थेत कोण देणार, याचे उत्तर पुढचा पावसाळा येण्यापूर्वी मिळाले पाहिजे. बडोद्याच्या एखाद्या वरच्या मजल्यावर, चोहोबाजूंनी पाणी असताना, मुके यंत्र हातात धरून बसलेल्या वृद्धाला ते उत्तर देण्याची जबाबदारी आपणा सर्वांची आहे.