एक संगणक, दोन प्रणाली : सारखे बंद-चालू कशाला?

गावच्या मंडळाचा जमाखर्च, इतिवृत्त, निमंत्रणपत्रिका ही कामे आता संगणकावर होतात. काही जण एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली ठेवतात. जुना मराठी मजकूर युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाईप झालेला, म्हणून विंडोज. रोजच्या कामाला विनामूल्य लिनक्स. पण जुने एक पत्र काढायचे तरी संगणक बंद करून दुसऱ्या प्रणालीत चालू करावा लागतो.

यावर उपाय आहे. व्हर्च्युअलबॉक्स हे विनामूल्य सॉफ्टवेअर संगणकाच्या पोटात दुसरा, आभासी संगणक उभा करते. एरवी त्यात नवी प्रणाली बसवावी लागते. परंतु हार्ड डिस्कवर आधीच असलेले विंडोजही त्यात चालवता येते. त्यासाठी 'व्हीएमडीके' नावाची छोटी फाईल तयार करतात. तिच्यात विंडोजची नक्कल नसते, खऱ्या पार्टिशनचा पत्ता असतो. मग लिनक्स चालू असतानाच विंडोज एका चौकटीत उघडते.

धोकाही इथेच आहे. एका रोजकीर्दीत दोन कारकून एकमेकांना न विचारता नोंदी करू लागले, तर शिल्लक जुळेल का? डिस्कचेही तसेच आहे. एका पार्टिशनवर एका वेळी एकाच प्रणालीने लिहावे. म्हणून पुढील पथ्ये पाळावीत :

१) विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' बंद करून ते पूर्ण शटडाऊन करावे. हायबरनेट अवस्थेतील विंडोज चौकटीत उघडू नये.

२) विंडोजचे पार्टिशन त्या वेळी लिनक्समध्ये माऊंट केलेले नसावे.

३) चौकटीत दोन्ही प्रणालींची यादी दिसली, तर चालू असलेले लिनक्स चुकूनही निवडू नये.

४) मूळ विंडोज यूईएफआय पद्धतीचे असल्यास आभासी संगणकातही ईएफआय चालू करावे.

आभासी यंत्र विंडोजला निराळे वाटते, त्यामुळे ते परवान्याची पुन्हा विचारणा करू शकते. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. केवळ जुनी कागदपत्रे पाहायची असतील, तर चौकटीतील विंडोजला इंटरनेट जोडूच नये.

सर्वांत आधी मात्र बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्यावा आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा घरांची छपरे उडाली, कागदपत्रे भिजली. प्रणाली पुन्हा बसवता येते. मंडळाचे वीस वर्षांचे इतिवृत्त पुन्हा कोण लिहिणार?