हिरडी तपासताना दुखलं, तर बोला

कुंभकोणमचं विड्याचं पान दूरवर प्रसिद्ध आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात रुजलेली मराठी घरं या टापूत आजही आहेत, आणि जेवणानंतरचा विडा इथल्या पाहुणचारातच मोडतो. घात करते ती त्यातली सुपारी. वर्षानुवर्षं सुपारी चघळली की गालाचं आतलं अस्तर कडक होत जातं, तिखट झोंबतं, तोंड नीट उघडत नाही. अशा तोंडात मागच्या दाढांच्या हिरड्या तपासायच्या, तर डॉक्टरच्या हाताचा आणि रुग्णाच्या सोशिकपणाचा, दोन्हींचा कस लागतो.

तपासणीचं हत्यार साधं आहे. मिलिमीटरच्या खुणा असलेली, बोथट टोकाची बारीक सळई, म्हणजे प्रोब. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती अलगद उतरवून खोली मोजतात, एकेका दाताभोवती सहा ठिकाणी. २८ दात असतील तर मोजमापं होतात १६८. निरोगी हिरडीत ही खोली १ ते ३ मिलिमीटर भरते. जोर २५ ग्रॅमच्या आसपास पुरतो. तो हाताला कळावा म्हणून प्रोबचं टोक स्वतःच्या अंगठ्याच्या नखाखाली दाबून पाहतात. तिथली त्वचा पांढरी पडली पाहिजे, पण दुखता कामा नये. इतक्या जोराने निरोगी हिरडी सहसा दुखत नाही. सुजलेली हिरडी मात्र आधीच हुळहुळी झालेली असते आणि तिचा तळ सैल पडल्याने प्रोब आतही जास्त जातो. म्हणून ‘इथे टोचलं’ हे रुग्णाचं सांगणं डॉक्टरच्या कामाचं असतं.

पडलेल्या दाताच्या जागी हाडात बसवलेल्या इम्प्लांटभोवती प्रकार आणखी नाजूक. दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात, त्यांची पकड घट्ट असते. टायटॅनियमच्या स्क्रूत ते रुतत नाहीत, त्याला समांतर धावतात, त्यामुळे प्रोब सहज खोल उतरतो. शिवाय वरच्या कॅपचा फुगवटा आडवा येतो आणि सळई तिरकी धरावी लागते. जर्मनीतल्या संशोधकांनी दोन्हीकडे मोजणी करून रुग्णांना विचारलं, तेव्हा दातांपेक्षा इम्प्लांटभोवती जास्त दुखल्याचं आढळलं.

पण म्हणून इम्प्लांटला प्रोब लावायचाच नाही, हे मला धोक्याचं वाटतं. प्रोबमुळे हिरडीची पकड कायमची सुटेल ही भीती अनाठायी आहे. कुत्र्यांवरच्या २००२च्या अभ्यासात ही पकड पाच दिवसांत पूर्ववत झाली होती. उलट इम्प्लांटभोवतीचं हाड झिजू लागलं तरी बरेचदा काहीच दुखत नाही. रक्त किंवा पू आला का, खोली मागच्यापेक्षा वाढली का, हे मोजल्याशिवाय कळत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतून तर रक्तही कमी येतं, आणि आजार झाकला जातो.

मागची मोजणी लिहिलेलीच नसेल, तर तुलना कशाशी करणार? तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) डोळ्यांच्या रुग्णांच्या चित्रांसह नोंदी ठेवल्या होत्या. त्याच मुलखात आज कॅप बसल्यानंतरची पहिली मोजणी आणि एक्स-रे मागून घेणं मुळीच अवघड नाही. ते फाइलला लावून ठेवा. सुपारी खात असाल तर तपासणीआधीच सांगा, थांबण्यासाठी हात वर करायची खूण ठरवून घ्या, आणि फारच दुखत असेल तर हिरडी बधिर करणारं जेल लावायला सांगा.