मॉरिशसच्या ओढ्यात मासा आला कुठून?

कुंभकोणमच्या उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार. कावेरीच्या या पाण्यात सापासारखा लांब, बुळबुळीत मासा असतो. तमिळ लोक त्याला विलांगू म्हणतात, आपण वाम म्हणतो. सगळे त्याला नदीचा मासा समजतात. पहिला गैरसमज हाच. वाम नदीत वाढते, पण तिथे अंडी घालत नाही. कैक वर्षं गोड्या पाण्यात काढून ती समुद्राकडे निघते, खोल पाण्यात वीण करते आणि तिथेच मरते.

वामेच्या याच कुळातले मासे मॉरिशसच्या ओढ्यांतही आहेत. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीसाठी गेलेल्यांचे वंशज जिथे आजही मराठी सण पाळतात, तेच हे बेट. ज्वालामुखीतून वर आलेलं, वय साधारण 80 लाख वर्षं. कुठल्याही खंडाला ते कधी जोडलेलं नव्हतं. मग तिथे मासे आले कसे?

‘माणसांनी नेले’ किंवा ‘पक्ष्यांनी अंडी नेली’ ही नेहमीची उत्तरं. पक्ष्यांचं उत्तर अगदीच निराधार नाही. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बदकांना कार्प माशांची सुमारे 8,000 अंडी खाऊ घातली, तेव्हा त्यांतली 18 अंडी विष्ठेतून अखंड बाहेर पडली. पण हे शेजारच्या तळ्यापुरतं. हजारो किलोमीटरच्या समुद्रावर अंडं काही पक्ष्याच्या पोटात टिकणार नाही.

खरा प्रवास करतात ती पिल्लं. वामेचं पिल्लू वामेसारखं दिसतच नाही: कडुलिंबाच्या पानाएवढं, तसंच चपटं आणि इतकं पारदर्शक की छापील कागदावर ठेवलं तर खालची अक्षरं वाचता यावीत. रक्तातही लाली नसते. या रूपात ते काही महिने समुद्रात तरंगतं. त्याच्या कानातल्या इवल्याशा खड्यावर रोज एक वलय चढतं. ती वलयं सूक्ष्मदर्शकाखाली मोजून प्रवासाचे दिवस कळतात. हिंदी महासागरात अशी लहान पिल्लं सुमात्राच्या पश्चिमेला सापडली, ती ‘डाना’ या डॅनिश जहाजाच्या 1928–30 च्या मोहिमेत.

कुळाचा माग लावतो डीएनए. पराचा एक तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवला तरी पुरतो. आईकडूनच मिळणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएत पिढ्यान्‌पिढ्या बारीक बदल साठत जातात. दोन ठिकाणच्या माशांत बदलांचे तेच नमुने आढळले, तर त्यांचं नातं जवळचं. वामेच्या ‘बायकलर’ जातीवर 2012 साली आलेल्या अभ्यासात हिंदी महासागरातल्या माशांत ठिकाणानुसार वेगळेपण दिसलं नाही. पॅसिफिकमधली मात्र निराळी निघाली. म्हणजे या महासागरातल्या दूरदूरच्या नद्यांतली वाम एकाच गोतावळ्यातली.

यावरून ‘सगळ्याच माशांची पिल्लं प्रवाह नेईल तिकडे जातात’ असं वाटेल, पण तसं नाही. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड बेटावर शास्त्रज्ञांनी एका प्रवाळमाशाच्या कोटीभर भ्रूणांवर औषधाची खूण केली. नंतर तपासलेल्या 5,000 पिल्लांत 15 जणांवर ती सापडली. त्यावरून हिशेब निघाला की 15 ते 60 टक्के पिल्लं घरच्याच बेटावर परतत असावीत. ती पोहतात, आवाज आणि वास ओळखतात.

उलट, अशक्य वाटणारं अंतरही ओलांडलं जातं. मध्य पॅसिफिक आणि अमेरिकेचा किनारा यांच्यामध्ये 4,000 ते 7,000 किलोमीटर नुसतं पाणी आहे. तरी 2006 सालच्या अभ्यासात प्रवाळमाशांच्या 20 पैकी 18 जातींच्या डीएनएत दोन्ही काठांमधल्या अलीकडच्या संबंधांच्या खुणा मिळाल्या.

सर्वांत घातक गैरसमज यापुढचा: ‘डीएनए सारखा, म्हणजे इथले मासे संपले तरी तिकडून येतील.’ दोन ठिकाणचे मासे फार दुरावू नयेत एवढ्यासाठी दर पिढीत एखाद-दुसरा पाहुणा आला तरी पुरतो. तेवढ्यानं वंशाचा धागा टिकतो, कोळ्याचं जाळं भरत नाही. लक्षद्वीपच्या एखाद्या प्रवाळबेटावर सगळी मासळी उपसली, तर ती भरून यायला पाहुण्यांच्या भरवशावर किती पिढ्या जातील याचा विचार करावा.

वामेचं दुखणं वेगळं. वीण समुद्रात सामायिक, त्यामुळे एका नदीतली वाट बंद झाली की तोटा साऱ्या गोतावळ्याचा. कुंभकोणमजवळ अणैक्करैला कावेरीच्या कोळ्ळिडम या फाट्यावर आर्थर कॉटननं 1836 साली लोअर अॅनिकट हा बंधारा बांधला. पुढे कावेरीच्या वरच्या अंगाला मेट्टूरचं धरण झालं. वामेची बोटभर पिल्लं ओल्या, खडबडीत पृष्ठभागावरून वळवळत चढू शकतात; कोरड्या, उंच भिंतीपुढे त्यांचं काही चालत नाही. युरोपात अनेक बांधांच्या कडेला त्यांच्यासाठी ब्रशसारखे केस लावलेले ओले उतार केलेले आहेत. ते फार खर्चिक काम नाही, आणि कावेरीच्या बांधांवर ते व्हायलाच हवं.