उंदराचं औषध

घर-अंगण : लेखांक नववा

दुकानात जाऊन कुणी "उंदराचं विष द्या" असं म्हणत नाही, "उंदराचं औषध द्या" म्हणतात. आमच्या आजीच्या राज्यात तर एवढंही मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. उंदीरमामांना ऐकू जातं, राग येतो आणि मग ते रात्रीत ठेवणीतली साडी कुरतडतात, अशी तिची खात्री. त्यामुळे आजोबांना बाजारातून काय आणायचं ते ती खुणेनं सांगायची.

आजीचा निष्कर्ष चुकला असेल, पण तिनं पाहिलेलं खरं होतं. मोठा उंदीर नव्या वस्तूला बुजतो. रोजच्या वाटेवर काल नसलेला पिंजरा किंवा निळी-हिरवी वडी दिसली की तो दोन-तीन दिवस, कधी आठवडाभर तिकडे फिरकत नाही. संध्याकाळी घरात औषधाची चर्चा व्हावी आणि सकाळी वडी जशीच्या तशी दिसावी, म्हटल्यावर "ऐकलं मेल्यानं" असंच कुणालाही वाटणार. पिटुकल्या घरउंदराचं उलट असतं, त्याला नव्याचं भारी कुतूहल. म्हणून तो पहिल्याच रात्री सापडतो आणि आपण उगाच स्वतःला पटाईत शिकारी समजू लागतो.

मागच्या लेखांकात मुंग्या झाल्या. त्यानंतर आमच्या चिखलीतून एकच विचारणा वारंवार आली: घुशींचं काय करायचं? प्रश्न रास्त आहे. टाळगाव चिखली म्हणून वारकऱ्यांना ठाऊक असलेलं हे इंद्रायणीकाठचं गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आलं आणि एकाच शिवारात तीन-चार जगं शेजारी शेजारी नांदू लागली. नदीकडेला उरलीसुरली शेती, मधे गावठाण, पलीकडे घरकुलाच्या आणि सोसायट्यांच्या इमारती, आणि कुदळवाडीत भंगाराची गोदामं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेनं कुदळवाडीतली हजारो बांधकामं पाडली. बातम्यांत माणसांचं आणि धंद्याचं काय झालं ते आलं. पण जुनं बांधकाम पडतं तेव्हा त्याच्या जोत्याखालचे भाडेकरूही बाहेर पडतात आणि ते कुणाच्या यादीत नसतात. म्हणून जाणकार सांगतात की पाडापाडीआधी त्या जागेवरच्या उंदरांचा बंदोबस्त करावा. ढिगारा उचलल्यावर जाग येऊन उपयोग नसतो, तोवर मंडळी शेजारच्या कंपाउंडात स्थिरावलेली असतात.

आधी कोण आलंय ते ओळखायला हवं, कारण सगळ्यांवर एकच उपाय चालत नाही. बिळाच्या तोंडाशी ताज्या, भुसभुशीत मातीचा ढीग असेल तर ती घूस. ती बीळ खणते आणि पुष्कळदा आतून मातीनं तोंडही लिंपून घेते. बिळात धान्य साठवायची तिला मोठी हौस. मावळातले कातकरी घुशी खणून काढण्यात तरबेज. बिळाची दुसरी वाट कुठे निघते हे त्यांना आपल्यापेक्षा फार चांगलं कळतं. इंग्रजांनी घुशीला 'बँडिकूट' म्हटलं, तो शब्द तेलुगूतल्या 'पंदिकोक्कू'वरून घेतलेला, अर्थ डुक्कर-उंदीर. डुकरासारखी उकरणारी म्हणून नाव अगदी चपखल. सोसायटीतले पेव्हर ब्लॉक पावसाळ्यात अचानक खचतात तेव्हा ठेकेदाराला शिव्या घालण्याआधी खाली एकदा डोकवावं.

छतावर, डक्टमध्ये, केबलवरून पळणारा सडपातळ असतो, त्याची शेपटी अंगापेक्षा लांब. हा चढणारा. घुशीसाठी जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. स्वयंपाकघरात ओट्यामागे जिऱ्याएवढ्या लेंड्या दिसल्या तर तो पिटुकला, आणि त्याला आत यायला सहा मिलिमीटरची फट पुरते. शिसपेन्सिल आत जाते ना? मग तोही जातो.

आणि एक निरपराध आहे. लांबट सोंडेसारखं तोंड, बारीक डोळे, उग्र वास, भिंतीच्या कडेनं चिकचिक करत धावणारी चिचुंद्री. ती उंदराच्या कुळातली नाहीच. ती किडे खाते, झुरळं खाते. आपण तिला उंदीर समजून झाडूनं मारतो आणि दुसऱ्या दिवशी झुरळांसाठी फवारणीवाल्याला फोन करतो. चिचुंद्रीला जाऊ द्या.

उंदराशी आपलं भांडण जुनं आहे. त्यातला सगळ्यात भयंकर अध्याय आपल्या शेजारच्या चिंचवडशी जोडलेला आहे. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आला, १८९७ मध्ये तो पुण्यात पसरला. रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. वॉल्टर रँडच्या प्लेग कमिटीनं घरांची झडती घेतली, देवघरं उचकटली, माणसांना छावण्यांत नेलं. २२ जूनला चिंचवडच्या चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडला गोळी घातली. हा इतिहास शाळेत शिकवतात. एक गोष्ट मात्र शिकवत नाहीत. त्या सगळ्या झडतीत माणसांच्या काखा नि जांघा तपासल्या गेल्या, पण रोग उंदरावरच्या पिसवेतून माणसाकडे येतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं दाखवलं ते पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, कराचीत. तेही लोकांना पटायला आणखी काही वर्षं गेली.

खेड्यातल्या माणसांनी त्याच्या आधीच आपल्या परीनं शोध लावला होता. घरात उंदीर पटापट पडू लागले की गाव सोडायचं आणि रानात झोपड्या टाकून राहायचं. उंदीर मेला की पिसवा थंड पडणारं अंग सोडतात आणि जवळचं गरम अंग शोधतात. त्या वेळी तिथे माणूस नसलेला बरा. म्हणूनच प्लेगच्या साथीत आधी पिसवांचा आणि मग उंदरांचा नायनाट करायचा असा आजही नियम आहे. क्रम चुकला तर उंदीर मारणंच अंगाशी येतं.

१९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगनं पुन्हा तोंड वर काढलं, तेव्हा आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपाकडे बोट दाखवलं गेलं. माणसं घरं सोडून गेली, धान्य तिथेच राहिलं, उंदरांना रान मोकळं झालं. आज चिखलीत प्लेगची भीती नाही. भीती आहे ती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची. उंदराच्या मुतातले जंतू पावसाच्या साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या चिरेतून, जखमेतून अंगात शिरतात. तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना "पाण्यातून चाललो होतो" हे आवर्जून सांगा. त्यावर खरोखरचं औषध आहे आणि लवकर मिळालं तर चांगलं लागू पडतं.

किती उंदीर मारले हा आकडा मला नेहमीच फसवा वाटत आला आहे. मुंबई महापालिकेकडे रात्री काठी नि बॅटरी घेऊन फिरणारे मूषक संहारक आहेत. त्यांना रात्रीला तीस उंदरांचं लक्ष्य असायचं. वर्षानुवर्षं ते मारताहेत आणि मुंबईत उंदीर आहेतच. २०१८ मध्ये विधानसभेत एकनाथ खडसे यांनी मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याच्या हिशेबावर प्रश्न केला आणि सभागृह हसून लोटपोट झालं. नंतर खुलासा आला की तो आकडा गोळ्यांचा. खुलाशानं हसू थांबलं, पण खरी गंमत त्या खुलाशातच होती. किती गोळ्या टाकल्या याची मोजदाद आपल्याकडे असते, किती भोकं बुजवली याची नसते.

हिशेब साधा आहे. मादी गाभण राहिल्यापासून तीन आठवड्यांत विते, एका वेताला सहा-सात पिल्लं, आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. तुम्ही दहा मारले आणि जागा तशीच ठेवली, खाणं तसंच ठेवलं, तर जेवणारे कमी आणि ताटं जास्त अशी अवस्था होते. पावसाळा संपेपर्यंत संख्या पूर्ववत.

म्हणून आधी भोकं. आमच्याकडचा जुना गवंडी सिमेंटमध्ये बाटलीच्या काचेचा चुरा कालवून बीळ बुजवायचा. तो उपाय आजही नामी आहे. पाइप भिंतीतून आत येतो तिथल्या फटीत भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट भरावं. नुसता फोम किंवा एम-सील उंदीर एका रात्रीत कुरतडतो, कारण त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवायला त्याला काहीतरी लागतंच. नहाणीच्या मोरीला जाळी, दाराखालच्या फटीला पत्र्याची पट्टी, डक्टच्या तोंडाला सहा मिलिमीटरपेक्षा बारीक भोकांची लोखंडी जाळी. प्लास्टिकची डासांची जाळी त्यांच्या लेखी फरसाण.

आता अंगण. कुंड्यांमागचा अडगळीचा कोपरा, भिंतीला टेकलेला वेल, खिडकीपर्यंत आलेली फांदी, एवढं काढलं तरी चढणाऱ्याची वाट तुटते. फांदी भिंतीपासून हातभर नव्हे, चांगली मीटरभर लांब हवी. घरच्या खतासाठी ओला कचरा जिरवणाऱ्यांचं कौतुकच आहे, पण उघड्या खड्ड्यात पोळी, भात, मटणाची हाडं टाकाल तर ते खत होण्याआधीच फस्त होतं. शिजलेलं अन्न झाकणाच्या पिंपात, खालून जाळी लावून. कबुतरांना गच्चीवर ज्वारी टाकणाऱ्या पुण्यवंतांनी एकदा रात्री अकरा वाजता बॅटरी घेऊन वर जावं. ते पुण्य कुणाच्या पोटात जातं ते दिसेल.

मांजर पाळावं का, असं बरेच जण विचारतात. हौसेनं पाळा, भरवशावर पाळू नका. न्यूयॉर्कमधल्या एका भंगार-रद्दीच्या केंद्रात, म्हणजे त्यांच्या कुदळवाडीतच म्हणा, संशोधकांनी पाच महिने कॅमेरे लावले होते. मांजरं होती, उंदीर भरपूर होते, आणि मांजरांनी मारलेले उंदीर निघाले दोन. मांजर दिसलं की उंदीर लपतात, एवढंच. खरे शिकारी दुसरेच आहेत. नदीकाठची धामण, आणि गव्हाणी घुबड, ज्याला आपण अभद्र म्हणून दगड मारतो. गोठ्यातल्या गव्हाणीवरून ज्याचं नाव पडलं ते घुबड तिथे वैरणीतल्या उंदरांसाठीच येत होतं.

गाडीच्या वायरिंगबद्दल थोडक्यात. चाकणच्या पट्ट्यात ज्या वायरिंगचे हार्नेस बनतात तेच आपल्या पार्किंगमध्ये कुरतडले जातात. इंजिन गरम असतं, आडोसा असतो, दातांना काम मिळतं. आठ दिवस एकाच जागी उभी असलेली गाडी म्हणजे आमंत्रण. बॉनेट अधूनमधून उघडा, आत काडीकचरा दिसला तर काढा. भिंतीत खुपसायची कर्णातीत आवाजाची यंत्रं घेऊन पैसे घालवू नका, उंदीर थोड्या दिवसांत त्या आवाजाला सरावतात.

पिंजरा लावायचा तर भिंतीला लागून, कारण उंदीर मिशांनी भिंत चाचपत कडेकडेनं जातो. पहिले तीन दिवस खटका न लावता आत भाजलेलं खोबरं, सुका बोंबील नाहीतर भज्याचा तुकडा ठेवा. फुकटच्या जेवणाची सवय लागली की चौथ्या रात्री खटका लावा. सापडलेला उंदीर शेजारच्या सोसायटीच्या फाटकाशी सोडून येणारे भूतदयावादी मी पाहिले आहेत. त्यांच्या फाटकाशी कोण काय सोडून जातं हेही त्यांनी एकदा पाहावं. चिकट गोंदाचे पुठ्ठे मात्र वापरू नका. त्यात जीव तासन्‌तास तडफडतो, आणि चिचुंद्री, पाल, चिमणी यांतलं काहीही अडकतं.

आता शेवटी ते औषध, कारण त्याची जागा शेवटचीच आहे. ब्रोमाडायोलोनच्या वड्यांनी रक्त गोठायचं थांबतं आणि उंदीर काही दिवसांनी मरतो. त्यामुळे त्याला वडीचा संशय येत नाही, आणि माणसाच्या किंवा कुत्र्याच्या पोटात गेलीच तर के जीवनसत्त्वाचा उतारा आहे. वडी नेहमी बंद पेटीत ठेवावी, पेटी भिंतीला लागून. मेलेला उंदीर लगेच पुरावा, नाहीतर तो खाणाऱ्या घुबडाच्या पोटात तेच विष जातं. झिंक फॉस्फाइडची पूड आणि पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यांना मात्र उतारा नाही. पेस्टचा दगा असा की पोटात गेल्यावर पहिले दोन-तीन दिवस माणूस ठणठणीत वाटू शकतो आणि मग यकृत निकामी होऊ लागतं. लहान मुलानं बोट जरी चाटल्याचा संशय आला तरी "आता बरं वाटतंय" म्हणून घरी थांबू नका. पुडा बरोबर घ्या आणि तडक मोठं रुग्णालय गाठा. ही दोन्ही घरात आणूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. आणि जे आणाल त्याला घरात "औषध" म्हणू नका. चार वर्षांच्या पोराला औषध म्हणजे आई चमच्यानं देते ते, एवढंच ठाऊक असतं.

आज संध्याकाळी एक काम करा. अंगणातली, कंपाउंडच्या कडेची सगळी बिळं मातीनं दाबून बुजवा आणि सकाळी मोजा. जी उघडलेली दिसतील तीच चालू, औषधाचा आणि सिमेंटचा खर्च तेवढ्यांवरच करायचा. पुढच्या आठवड्यात वाळवी.